पौर्णिमेची प्रत



या सदरात आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, रेशनकार्डातील नावे अशा घरगुती अडचणींवर लिहीत असतो. आज एका बिघडलेल्या लॅपटॉपविषयी लिहिणार आहोत. बिघाड यंत्राचा होता, पण नुकसान झाले ते आमच्या हलगर्जीपणामुळे. दुसऱ्यांच्या चुका या जागेवरून आम्ही पुष्कळ दाखविल्या. आता स्वतःची एक सांगितली पाहिजे.

२०२५ सालच्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात रोज रात्री साडेआठ वाजता ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. मागे बसलेल्या पोरांनाही सोबत वाचता यावे म्हणून पाने लॅपटॉपवरून भिंतीवर दाखविण्याची आमची पद्धत आहे. त्या रात्री वाचन रंगात आले असताना लॅपटॉपमधून टिक-टिक असा आवाज येऊ लागला. एका आजोबांना वाटले, पाल चुकचुकली. दोन मिनिटांत भिंतीवरचे पान गोठले आणि मग सगळे काळे झाले. आम्ही बटण दाबून यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. असे पाच-सहा वेळा केले. ही आमची पहिली चूक, असे पुढे कळले.

हा लॅपटॉप साधासुधा नव्हता. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला, म्हणजे २०१६ साली, वस्तीने वर्गणी काढून तो घेतला होता. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी पन्नास-पन्नास रुपये दिले होते. रिक्षावाल्या बांधवांनी एका दिवसाची कमाई दिली होती. नऊ वर्षांत त्यात काय काय साठले होते! विहाराचा जमाखर्च, विहारात लागलेल्या विवाहांची नोंद, अभ्यासिकेतील मुलांचे दाखले व गुणपत्रिका, जयंतीचे फोटो. आणि एका आजींचे बोलणे.

या आजी नागपूरकडच्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर होत्या तेव्हा चौदा वर्षांच्या. पुढे लग्न होऊन मुंबईस आल्या. २०१९ साली आमच्या पुतणीने फोनवर त्यांचे बोलणे टिपून घेतले, चांगले चाळीस मिनिटांचे. घरात पांढरे लुगडे एकच, म्हणून आईने ते मधोमध फाडून मायलेकींनी अर्धे-अर्धे कसे नेसले, ते त्यात होते. परतल्यावर देव्हारा रिकामा करून वडिलांनी टोपलीभर देव नदीत कसे सोडले, तेही होते. शेवटी त्यांनी आपल्या गावातून पायी निघालेल्या बायकांची नावे एकेक करून घेतली होती, कोणाची लेक, कोणाची सून यासह. ते बोलणे आम्ही लॅपटॉपवर घेतले आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून फोनवरून पुसून टाकले. २०२१ साली आजी वारल्या. त्यांची नात आम्हाला दर जयंतीला म्हणायची, “काका, आजीचं बोलणं मला द्या ना एकदा.” आम्ही म्हणायचो, “देतो, बाळा, देतो.” चार वर्षे आम्ही ‘देतो’ म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर लॅपटॉप घेऊन एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो कानाशी धरला आणि लगेच सांगितले, “साहेब, हार्ड डिस्क गेली. नवीन एसएसडी टाकतो. विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, सगळं भरून देतो. संध्याकाळी घेऊन जा.” आम्ही विचारले, “आतली माहिती?” तो म्हणाला, “ती विसरा.” बिलाचे विचारले तर हसला. “सॉफ्टवेअरचं बिल कसलं? सगळं क्रॅक आहे. खरं विंडोज हवं तर नवी की विकत घ्यावी लागेल. जुनी डिस्क इथंच टाकून जा, भंगारात देतो.”

आम्ही लॅपटॉप काखेत मारून परत आलो. त्या जुन्या डिस्कमध्ये साठ-सत्तर मुलांची आधार कार्डे आणि बँकेच्या पासबुकांची पाने होती. मेलेल्या डिस्कमधूनही जाणकार माणूस काही ना काही काढू शकतो. म्हणून वाचकांना पहिली विनंती ही, की यंत्र दुरुस्तीस दिले तरी जुनी डिस्क मागून घ्या. ती तुमच्या मालकीची आहे.

रविवारी विहारात बैठक बसली. विषय दोन : माहिती परत मिळते का, आणि नवीन डिस्कमध्ये काय भरायचे.

पहिल्या विषयावर पुतणीने समजावून सांगितले. ती तंत्रनिकेतनात शिकते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. आमच्या डिस्कमधील चकत्या मिनिटाला ५४०० वेळा फिरणाऱ्या होत्या. त्यांच्यावरून वाचणारी सुई सरकते, पण टेकत नाही. मधले अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी. धक्का बसला किंवा झीज झाली की सुई जागा चुकते, परत मागे जाते, पुन्हा शोधते. तोच तो टिक-टिक आवाज. अशा वेळी यंत्र तत्काळ बंद करून ठेवायचे असते. आम्ही ते पाच-सहा वेळा चालू केले म्हणजे जखमेवर पाच-सहा वेळा घासले. माहिती काढून देणारे तज्ज्ञ असतात. ते धूळरहित खोलीत डिस्क उघडतात. एका ठिकाणी चौकशी केली तर खर्च लॅपटॉपच्या किमतीहून जास्त निघाला, आणि खात्री काहीच नाही.

महिला मंडळाच्या अध्यक्षा ताईंनी विचारले, “आजींचं बोलणं त्यातच आहे ना?” आम्ही मान खाली घातली. कचेरीत कागदाखाली कार्बन घालून प्रत ठेवल्याशिवाय एक पत्र बाहेर जाऊ न देणारे आम्ही. बी. कॉम. झालेले, वीस वर्षे हिशेब लिहिणारे. रोकडवहीची पडताळणी केल्याशिवाय झोप न लागणारे. आणि विहाराच्या नऊ वर्षांच्या ठेव्याची एकही प्रत आम्ही ठेवली नव्हती.

दुसऱ्या विषयावर मात्र चांगलाच वाद झाला. तरुण म्हणाले, “क्रॅक टाकून घेऊ, सगळेच टाकतात. कंपन्या काय गरीब आहेत?” यावर आमचे बौद्धाचार्य शांतपणे म्हणाले, “आपण रोज इथं बसून पंचशील घेतो. दुसरं शील काय आहे?” सगळे गप्प. न दिलेले घ्यायचे नाही, हे शील घ्यायचे आणि त्याच विहारातील यंत्रात चोरीचे सामान भरायचे, हे कसे जमणार? शिवाय पुतणीने व्यवहाराची बाजू मांडली. क्रॅक चालवण्यासाठी आधी व्हायरसपासून रक्षण करणारी व्यवस्था बंद करायला सांगतात. म्हणजे चोराने दिलेले कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच्याकडेच ठेवायची. ज्या यंत्रावर मुलांच्या बँक खात्यांची माहिती भरायची, त्यावर हा धोका कोण घेणार?

मग खरे विंडोज विकत घ्यायचे का? इथे एक गोष्ट कळली ती घराघरात माहीत असायला हवी. लॅपटॉप घेताना त्यात विंडोज आले असेल, तर अलीकडच्या काळातील बहुतेक यंत्रांत त्याचा परवाना मुख्य पट्टीशी, म्हणजे मदरबोर्डशी जोडलेला असतो, हार्ड डिस्कशी नाही. डिस्क बदलली म्हणून नवी की घ्यावी लागत नाही. पूर्वी जी आवृत्ती होती, होम किंवा प्रो, तीच पुन्हा भरावी आणि इंटरनेट जोडावे. परवाना आपोआप ओळखला जातो. भरण्याचे साहित्य मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ठिकाणाहून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर फुकट उतरवता येते. दुकानदाराने ‘की घ्यावी लागेल’ म्हटले म्हणून पैसे मोजू नका.

पण आमच्या यंत्रास दुसरी अडचण होती. ते विंडोज १० चे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, आणि पुढे संपलाही. तारीख आपल्या लोकांच्या ध्यानात राहावी अशीच आहे! विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. तेव्हा पुतणीने लिनक्स सुचवले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि जगाला देऊन टाकला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्याची प्रत काढून शेजाऱ्याला देणे हा गुन्हा नाही, उलट तसे करावे अशीच अपेक्षा आहे. ‘दिलेले’ घेण्यात शीलभंग नाही. बैठकीत लिनक्स मिंटच्या बाजूने ठराव झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “कागदावर ‘लिनक्सची प्रतिष्ठापना’ असं लिहू नका हो. आपण प्रतिष्ठापना सोडून ७० वर्षं होत आली. ‘भरणा’ लिहा.” इतिवृत्तात ‘भरणा’ असेच लिहिले आहे.

एसएसडी आम्ही लॅमिंग्टन रोडवरून पक्क्या बिलाने आणली. २५६ जीबीची, जुन्या डिस्कच्याच अडीच इंची आकाराची. विहाराच्या सतरंजीवर पांढरे कापड अंथरून पुतणी बसली, भोवती पोरांचे कोंडाळे. चार्जर काढला, बॅटरी सोडवली, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला. लहान स्क्रू एका वाटीत, मोठे दुसऱ्या वाटीत. कुठला स्क्रू कुठला, त्याचा प्रत्येक पायरीवर फोटो. जुनी डिस्क सरकवून बाहेर काढली, तिची पत्र्याची चौकट काढून नव्या डिस्कला बसवली आणि डिस्क जागेवर सरकवली. हे काम पंधरा मिनिटांचे. भांडे कल्हईला देण्याइतकेही अवघड नाही. मात्र नवीन पातळ लॅपटॉपात डिस्क पट्टीसारखी असते, काहींत ती बदलताच येत नाही. तेव्हा उघडण्यापूर्वी आपल्या यंत्राची माहिती काढावी.

भरण्याचा पेनड्राइव्ह पुतणीने कॉलेजच्या मैत्रिणीच्या संगणकावर करून आणला होता. चालू करतानाच एफ १२ दाबायचे (कंपनीप्रमाणे ही कळ वेगळी असते), यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा, मग भाषा, कळफलक, वेळ. ‘पूर्ण डिस्क पुसू का?’ असे यंत्र विचारते. नवी डिस्क असल्याने ‘हो’. जुनी असती तर इथे दहा वेळा विचार करावा लागला असता. अर्ध्या तासाच्या आत यंत्र उभे राहिले, आणि पूर्वी पाच मिनिटे घेणारे आता मिनिटभराच्या आत तयार! पोरांनी टाळ्या वाजवल्या. वायफाय सुरुवातीस चालेना. फोन तारेने जोडून इंटरनेट घेतले, हवा तो ड्रायव्हर उतरवला, मग चालले. पत्रे व हिशेबासाठी लिबरऑफिस आधीच होते.

खरी कसोटी मराठीची होती. २०१७ सालची सभासदांची यादी एका जुन्या पेनड्राइव्हवर सापडली. आनंदाने उघडली तर अक्षरांचा नुसता भाजीपाला. तेव्हा टंकलेखन ज्या फॉन्टमध्ये केले, तो फॉन्ट नव्या यंत्रात नाही. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो तो केवळ चित्र म्हणून. आत यंत्राच्या लेखी ते भलतेच इंग्रजी अक्षर असते. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा जागतिक क्रमांक असतो. यंत्र कोणतेही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. ती यादी रूपांतर करून युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरे बिघडली होती ती दोन रात्री बसून हाताने सुधारली. आता ठराव असा की विहाराचा एकही कागद जुन्या फॉन्टमध्ये लिहायचा नाही. घरोघरी ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधील कविता, भाषणे, लग्नपत्रिका असतील, त्यांनी जुने यंत्र चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये करून घ्याव्यात.

यंत्र उभे राहिले, पण ते रिकामे होते. सॉफ्टवेअर पुन्हा भरता येते. जगात त्याच्या लाखो प्रती असतात. जे आपले एकट्याचे असते ते कुठून उतरवणार? पुढचा महिनाभर आम्ही दारोदार फिरलो. मुलांचे दाखले मूळ कागदांवरून पुन्हा स्कॅन केले. ज्यांनी ते पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत जपले होते, त्या आयांना खरोखर वंदन केले पाहिजे. एका मुलीचा महाडीबीटीवरचा अर्ज तेवढ्यासाठी अडला होता. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी तो भरला गेला. जमाखर्च पावतीपुस्तकांवरून पुन्हा लिहिला. विवाहांच्या नोंदी विहाराच्या नोंदवहीत होत्याच. फोटो लोकांच्या फोनमधून निम्मे-अधिक जमले.

आजींच्या नातीला तोंड दाखवण्याचा धीर मात्र होत नव्हता. शेवटी गेलो आणि खरे ते सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग आत जाऊन काच फुटलेला एक जुना फोन घेऊन आली. २०१९ साली त्याच संध्याकाळी पुतणीने तिला बोलण्याचा एक तुकडा पाठवला होता. फोन तासभर चार्जिंगला लावल्यावर सुरू झाला. तुकडा होता, अकरा मिनिटांचा. आजींचा आवाज खोलीत आला तसा नातीने तोंडाला पदर लावला. त्यात अर्धे फाडलेले लुगडे आहे. टोपलीतले देव नाहीत. आणि त्या बायकांची नावे नाहीत. सत्तर वर्षांपूर्वी पायी चालत निघालेल्या त्या माउल्यांची नावे कोठेही लिहिलेली नव्हती. आजींच्या तोंडून ती एकदाच आली आणि आम्ही ती हरवली. जुनी डिस्क कापडात गुंडाळून विहाराच्या कपाटात ठेवली आहे. ती पुन्हा एकदाही चालू केलेली नाही. पैसे जमले की तज्ज्ञाकडे नेणार आहोत. मिळाले तर मिळाले.

अशा वेळी आपला इतिहास आठवतो. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके व सामान ज्या जहाजातून येत होते, ते जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यांनी पुन्हा पुस्तके जमवली, आणि पुढे ग्रंथांसाठी राजगृह बांधले. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर ज्या नगरीत पहिली संगीती भरली, तिचेच नाव त्यांनी आपल्या घराला दिले. त्या काळी लिहून ठेवण्याची सोय नव्हती. मग धम्म टिकला कसा? भिक्खूंनी तो वाटून पाठ केला. दीघनिकाय पाठ करणारे दीघभाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक वेगळे. एक भिक्खू गेला तरी शब्द दुसऱ्याच्या मुखात शिल्लक. आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, दुष्काळ व लढायांमुळे पाठ करणारेच संपतील अशी भीती वाटली तेव्हा, श्रीलंकेत तिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. एका ठेव्यास एकच जागा नसावी, हे आपल्या संघाने दोन हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. हातात लॅपटॉप असून आम्ही ते विसरलो.

आता आमच्या विहारात नियम केला आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर, खीर वाटपाच्या आधी, सगळ्या ठेव्याच्या प्रती काढायच्या. एक लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क विहारात ठेवायची नाही, महिला मंडळाच्या ताईंच्या घरी ठेवायची, म्हणजे आग-पाणी आले तरी दोन्ही एकदम जाणार नाहीत. तिसरी इंटरनेटवरील खात्यात, आणि त्याचा पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसले तरी तीही मरते, आणि बहुधा टिक-टिक न करताच मरते. म्हणून नवी डिस्क आली की निर्धास्त होऊ नका. प्रत काढली की ती उघडून पाहायची आणि वहीत सही करायची. हे काम अभ्यासिकेतील दोन मुलींकडे दिले आहे. कार्तिक पौर्णिमेला त्यांनी वहीत पहिली नोंद केली. त्यात सर्वांत वर लिहिले आहे, ‘आजींचे बोलणे, ११ मिनिटे, प्रती ३.’ चौथी प्रत नातीकडे आहे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात दीक्षा पाहिलेले, नामांतराच्या लढ्यात चाललेले कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. बोलणे टिपून घ्या, नावे नीट विचारा. आणि त्याच दिवशी त्याची एक प्रत दुसऱ्याच्या हाती द्या. ‘देतो, देतो’ म्हणू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!